पिकलं म्हणाली

शेडमधल्या रेशमाच्या अळ्यांनी शेवटची कात टाकली त्याच सकाळी भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं. घरात मोठी माणसं दोनच. आधी वाटलं, कच्ची फळं खाल्ली असतील. दुपारपर्यंत पोर गुडघे पोटाशी घेऊन पडली आणि बोलेना. एरवी या पोरीला जेवताना एका जागी बसवणं म्हणजे घरच्यांची परीक्षा, म्हणून तर नाव भिंगरी पडलेलं. ती गप्प पडली म्हटल्यावर आईने तिला उचललं आणि दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटावर हात ठेवला, लगेच उचलला आणि मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. आतडं फुटलं होतं. आई अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसली, घरात एकुलता एक फोन होता तो तिच्या मुठीत राहिला, आणि बाप शेडच्या दाराशी तुतीच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन उभा राहिला.

जायचं कोणी आणि राहायचं कोणी, यावर बोलणं झालंच नाही. लहान मुलांच्या वॉर्डात सोबतीला फक्त बाईमाणूस. बापांनी बाहेर आवारात पडायचं. शिवाय रेशमाच्या अळीला सुट्टी कळत नाही. शेवटची कात टाकून उठली की ती खाते, खाते आणि खातच राहते. शेडमध्ये उभं राहिलं की चहूकडून कोणी कोरे कागद चुरगाळत बसल्यासारखा आवाज येतो. एक वेळचा पाला चुकला तर कोष पोचट. दोन वेळचा चुकला तर अळ्या उचलून उकिरड्यावर टाकायच्या.

पाला कापणं, वाहणं, पाणी देणं ही बापाची कामं. शेडच्या आत मात्र राज्य बायकोचं. दारात चुन्याची जाड रेघ, तिच्या अलीकडे चपला काढायच्या, चुन्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे, औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग आत. देव जरी आला असता तरी तिने त्याला पाय धुऊन ये म्हणून परत पाठवला असता. नवरा यावरून तिची चेष्टा करायचा. आता तोच चार वेळा हात धुवायला लागला. बोटांची कातडी सोलवटली, फांद्या धरताना चुरचुरायची. करतो काय? गळ्यात पडलं ते वाजवणं भाग होतं.

पहिल्याच दिवशी त्याने दवाचा ओला पाला तसाच घातला. बायकोला ते कळलं आणि तिने हॉस्पिटलातून त्याला शिव्या घातल्या. त्या शिव्या गिरणीवाल्याने जशाच्या तशा पोचवल्या, वर स्वतःची थोडी भर घालून.

गिरणीवाला मधे आला तो असा. फोन बायकोकडे, म्हणून ती रोज गिरणीवर फोन करायची. गिरणी घरापासून हाकेच्या अंतरावर. पण जन्मभर पट्ट्याच्या धडधडीत उभं राहून गिरणीवाल्याचे कान गेलेले, आणि आपले कान गेलेत हे त्याला मान्य नाही. तो फोनवर ओरडायचा, मग दारात येऊन तेवढ्याच जोराने घराकडे ओरडायचा. साऱ्या वस्तीला भिंगरीचा ताप रोज कळायचा.

बायकोचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "पिकल्या का?"

अळी पिकते म्हणजे खाणं सोडते, अंगाने पिवळसर आणि आरपार दिसायला लागते, मान वर करून जागा शोधत फिरते. तेव्हा तिला एकेक करून उचलायची आणि चंद्रिकेवर सोडायची. चंद्रिका म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचं गोल जाळं, त्यात ती कोष विणते. पिकलेली अळी वेळेवर उचलली नाही तर ती पाल्यातच तोंडातला धागा वाया घालवते. सगळी मेहनत त्या एका दिवसावर येऊन थांबते.

"पिकल्या का विचारतेय!" गिरणीवाला दारातून ओरडायचा.

"अजून नाही, सांगा!" बाप शेडमधून ओरडायचा.

एकदा गिरणीवाल्याने त्याला बोलावून फोन हातात दिला. पलीकडे भिंगरी होती. ऑपरेशन होऊन गेलेलं, आवाज चिंधीसारखा झालेला.

"बाबा, मला आत नेलं तेव्हा तू नव्हतास."

"अळ्या होत्या ना गं."

"परत नेलं तर असशील?"

"परत कशाला नेतील? झालं आता."

"पण नेलं तर?"

"असेन," तो म्हणाला. परत न्यायचं काही कारणच नव्हतं, म्हणून शब्द देताना जड गेलं नाही.

माणसं आली नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. अंगणात रोज कोणी ना कोणी यायचं, कसं झालं ते पहिल्यापासून ऐकायचं, आपल्या नात्यात कोणाचं आतडं कसं फुटलं होतं ते सांगायचं आणि चहाची वाट बघायचं. बाप भारा खाली ठेवून चहा करायचा. आत अळ्या उपाशी. काही जण हॉस्पिटलातही जाऊन आले, पोरीला पाण्याचा घोट वर्ज्य असताना फळांच्या पिशव्या देऊन आले. आईने त्या पिशव्या खाटेखाली सरकवल्या आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. भेटायला येणारे पुष्कळ असतात, बसायला येणारा एखादाच. तिथे तिला खरा आधार झाला तो शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईचा, एका नावाड्याच्या बायकोचा. एक आंघोळीला गेली की दुसरीने दोन्ही पोरांकडे बघायचं, एवढं त्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

अंगणात एक बाई मात्र आली नाही. ती म्हणजे थोरली, भिंगरीची मोठी आई. तिचं घर त्याच अंगणात, समोरासमोर. नवरा ट्रकवर, महिनामहिना बाहेर. अळ्या पाळायला भिंगरीच्या आईला तिनेच शिकवलेलं, आणि दोघी जावांनी मिळून कितीतरी पिकं काढलेली. मग गेल्या वर्षी पिकायच्या तोंडावर अळ्या माना टाकायला लागल्या, तोंडातून हिरवं पाणी, अंगाचे वेटोळे. अळीला तंबाखूचा वासही विष असतो आणि थोरली तंबाखू खायची. भिंगरीच्या आईने भर अंगणात, चारचौघांच्या देखत, तिचा हात धरून नाकाशी नेला आणि हुंगला. "हा हात माझ्या शेडमध्ये परत नको," म्हणाली.

अळ्या नक्की कशाने गेल्या हे आजवर कोणाला कळलेलं नाही. शेजारच्या रानात त्याच आठवड्यात फवारणीही झाली होती. पण हात हुंगला तो हुंगला. त्यानंतर थोरलीने चुन्याची रेघ लांबूनसुद्धा पाहिली नाही. अंगण झाडताना ती मधल्या दगडापर्यंत झाडायची आणि तिथून परत फिरायची.

ऑपरेशनला काही दिवस झाले असतील, एका दुपारी बाप पाल्याचा भारा घेऊन येत होता. गिरणीवाला गिरणीच्या पायरीवर बसून पीठ झटकत होता, आणि हसत होता.

"अरे, तुझी बायको आज विचारत नव्हती, सांगतच होती! पिकलं म्हणाली. मी म्हटलं, कुठचं पिकलंय बाई, अजून नाही! ती आपली परत तेच, पिकलंय, पिकलंय. म्हटलं, तू पोरीकडे बघ, इथली काळजी करू नकोस, आणि ठेवला फोन."

बापही हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "तिथे बसूनसुद्धा तिचा जीव अळ्यांतच," म्हणाला. खरं तर अळ्या आज-उद्या पिकणारच होत्या, कडेच्या एक-दोन माना वर करू लागल्या होत्या. बायकोचा अंदाज किती अचूक, असं वाटून त्याला थोडा अभिमानही वाटला. घरापर्यंत येईतो तेच डोक्यात होतं. अंगणात भारा टाकताना तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "पिकलं म्हणे! इथे मी बघतोय आणि तिला तिथे दिसतंय!"

थोरली तिच्या ओट्यावर धान्य निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणाली?"

वर्षात पहिल्यांदाच तिने आपणहून तोंड उघडलेलं. तो बावचळला. "काही नाही वहिनी. पिकलं म्हणाली. अळ्या."

"पिकल्या म्हणाली की पिकलं म्हणाली?"

"पिकलं."

"अळ्या पिकल्या असतात भावजी. पिकलं नसतं." ती सूप बाजूला सारून उभी राहिली. "आणि तिला तिथे बसून कसं कळेल? तिच्यासमोर पिकण्यासारखं एकच आहे."

तो भाऱ्यावरच बसला. टाके. पोरीच्या टाक्यांपाशी पिकलंय, ती ते सांगतेय, आणि गिरणीवाला तिला म्हणतोय की काळजी करू नको.

तो पळतच गिरणीवर गेला. तोवर वीज गेली होती आणि गिरणीवाला फोन पिठाच्या डब्याशेजारी ठेवून जेवायला निघून गेलेला. त्यावर येऊन गेलेले फोन बोटांवर मोजण्याइतकेच. बापाने सगळ्यात वरचा नंबर परत लावला. बायकोने उचलला आणि पहिल्यांदा नुसती रडली. मग म्हणाली, "तुम्ही का येत नाही? टाक्यांपाशी पिकलंय. आत पू झालाय. उद्या सकाळी परत उघडणार. ती सारखी विचारतेय, बाबा येणार म्हणाला होता. तो गिरणीवाला काय वेडा आहे का हो?"

"मी निघालो," तो म्हणाला.

निघालो म्हणाला खरा, आणि शेडच्या दाराशी येऊन थांबला. आत कागद चुरगाळल्याचा आवाज कमी झाला होता. खाणं सुटत चाललं होतं. उद्या सकाळी तर सगळ्याच पिकणार. हे सोडून जायचं म्हणजे वर्ष सोडून जायचं. न जावं तर पोरीला दिलेला शब्द मोडायचा. त्याला वाटलं, आपल्याला मधोमध फाडून दोन करता आलं तर बरं.

थोरली मधल्या दगडाच्या अलीकडे उभी होती.

"दुधाचा टेम्पो थोड्या वेळाने जाईल. त्याने जा."

"आणि हे?"

ती मधला दगड ओलांडून आली, चुन्याच्या रेघेशी चपला काढल्या, घमेल्यात पाय बुडवले. औषधाच्या पाण्यात हात घातले आणि कोपरापर्यंत घासले, खसाखसा, नखांच्या आतून. मग ओले हात त्याच्या तोंडासमोर धरले.

"हुंगा."

"वहिनी, असं काय करता?"

"हुंगा भावजी. नंतर मला बोल लागायला नको."

त्याने मान खाली घालून हुंगले. चुना आणि औषध, दुसरा वास नव्हता.

"त्या दिवसापासून तंबाखूला शिवलेली नाही," ती म्हणाली. "माझ्याने झालं की फवारणीने, देवाला माहीत. पण झालं असेल माझ्याने तर? म्हणून सोडली." आणि लगेच आवाज बदलून, "आता रडू नका, टेम्पो चुकेल. तिचे कपडे घ्या. कपाटात नाही, पेटीत, वरच्या थरात. बारा वर्षं संसार केला आणि बायकोचे कपडे कुठे असतात हे माहीत नाही! झाकणाचा तांब्या घ्या. दोरी घ्या, तिथे कपडे वाळत घालायला काही नसतं. साबण. पिना. पोरीची ती फाटकी चादर घ्या, धुतलेली नको, तीच. आणि स्वतः काहीतरी खा, नाहीतर तिथे जाऊन तुम्हीच आडवे व्हाल."

तिचं पोर लहानपणी त्याच हॉस्पिटलात राहून आलेलं. त्या वेळी दोरी कोणी आणून दिली नव्हती, म्हणून ती दोरी विसरली नाही.

टेम्पो निघाला तेव्हा तो मागे वळून बघत होता. थोरलीने ओच्यात पाला धरला होता आणि ती रेघेच्या आत होती.

वॉर्डाच्या दारात तिथल्या आयाने, मावशीने, त्याला अडवलं. बापांनी बाहेर. तो म्हणाला, उद्या सकाळी पोरीला आत नेणार आहेत, तेवढं एकदा तोंड दाखवू द्या. मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि दार थोडं किलकिलं केलं. भिंगरी खाटेवर होती. चेहरा मुठीएवढा झालेला, ओठांना भेगा. तिने त्याला पाहिलं. मग चादर ओळखून हात पुढे केला.

बाहेर आल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, "अळ्यांकडे कोण?"

तो दोरीची गुंडाळी सोडवत राहिला. "वहिनी."

तो वाट बघत होता, ती आता ओरडेल, आता ओरडेल. तिने पिशवीत हात घातला. कपडे काढले, साबण काढला, पिना काढल्या. "हे तुम्ही नाही भरलं," म्हणाली.

"नाही."

"दोरी तुम्हाला सुचणं शक्य नाही," असं म्हणून तिने डोळे पुसले आणि दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं.

सकाळी पोरीला न्यायला आले. बाप स्ट्रेचरच्या कडेने दारापर्यंत चालत गेला. तिच्या मुठीत त्याचं एक बोट होतं. दाराशी नर्स म्हणाली, आता सोडा. त्याला वाटलं, ही आता किंचाळणार. पोरीने बोट आपणच सोडलं. "आलास ना," म्हणाली, एवढंच, आणि आत गेली. मग मात्र त्याला उभं राहवेना. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बायकोसारखाच रडला.

बाकावर दोघं बसून राहिली. नावाड्याची बायको चहा देऊन गेली. तेवढ्यात फोन वाजला, आणि पलीकडून गिरणीवाला इतक्या जोराने ओरडला की फोन कानाला लावायची गरजच पडली नाही.

"पिकल्या! पिकल्या म्हणतेय!"

"पिकल्या?" भिंगरीची आई उभीच राहिली. "सगळ्या पिकल्या? अगंबाई!" आणि तोंडभर हसली.

बाकांवरच्या सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. त्या दारात पिकलं या शब्दाला हसलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. एकीने तर नावाड्याच्या बायकोला खूण केली, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून.

"फोन ताईंना द्या," ती म्हणाली. जावेला ती ताईच म्हणायची. दोघींनाही सुरुवात करता येईना. शेवटी धाकटी म्हणाली, "दाराकडच्या रॅकमधल्या आधी उचला. त्या आधी चढतात."

"मला शिकवतेस?" थोरलीचा आवाज आला. "तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच."

"मग पोरीकडे बघ. कधी नेलं?"

"आत आहे."

"बरं," थोरली म्हणाली. फोन कोणीच ठेवला नाही. पलीकडे गिरणीचा पट्टा ऐकू येत राहिला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हाही तो चालूच होता. "सगळं साफ केलंय, आता ताप उतरेल," त्या म्हणाल्या. ते थोरलीने तिथूनच ऐकलं.

अळ्या चंद्रिकेवर चढल्या की त्यांना माणसाची गरज उरत नाही. पाला नको, पाणी नको. नुसती हवा हवी. थोरली मोकळी झाली आणि दुधाच्या टेम्पोतून हॉस्पिटलात आली, बोचक्यात सतरंजी बांधून. बाप परत घरी जायला निघाला होता, कोष उतरवेपर्यंत शेडची राखण त्याची.

वॉर्डाच्या दारात मावशीने तिला थांबवलं. सगळ्या खाटांवरच्या बाया बघत होत्या.

"हात बघू. तंबाखूबिंबाखू खाता का? इथे तसलं चालत नाही."

थोरलीचा चेहरा उतरला. भरल्या अंगणातला तो दिवस तिच्यासमोर उभा राहिला असणार. तरी तिने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. अळ्या उचलून उचलून बोटांची टोकं पांढरी पडली होती.

भिंगरीची आई खाटेवरून उठली. चालत दारापर्यंत आली आणि तिने ते हात आपल्या हातात घेतले.

"मावशी, हात स्वच्छ आहेत," ती म्हणाली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "या हातांचं मला विचारा. मी चुकले होते तेव्हा चुकले होते."

"असतील," मावशी म्हणाली. "तरी धुवा. नळ तिकडे."

दोघी नळावर गेल्या. थोरलीने हात धुतले आणि धाकटी साबण धरून उभी राहिली.

परत आल्यावर थोरलीने खाटेखाली सतरंजी अंथरली आणि म्हणाली, "पड आता. मी आहे." धाकटी नको नको म्हणत पडली. गाडीत बसल्यापासून तिने पाठ अशी टेकलीच नव्हती.

"मोठी आई," भिंगरी म्हणाली, "अळ्यांनी घरं बांधली?"

"बांधली की. आत जाऊन दारं लावून घेतली. तुझ्या आईला विचार, तिला सगळं माहीत असतं."

पोरीने खाटेवरून वाकून पाहिलं. आई केव्हाच झोपली होती.